मागचं दार

बंगळूर, ६ ऑगस्ट १९५९

सौ. प्रमोदिनीवहिनी,

तुम्हाला आणि दादाला नमस्कार, आईच्या पायांवर डोकं.

तुमचं पत्र दुकानात मिळालं. पत्ता दुकानाचाच घालत जा. राजाजीनगरला दिवसा घराला कुलूप असतं, आणि पोस्टमन पत्र फाटकावरून आत टाकतो. ते पावसात भिजून जातं.

दुकानात मी नक्की काय करते, असं विचारलंत. दादाला सांगायला हवंय, हे कळलं मला. तर ऐका. हे गेल्यावर कारखान्याचं घर सोडावं लागलं, तेव्हा वसुमतीअक्कांनी त्यांच्या घरातली मागची खोली दिली आणि त्यांच्याच ओळखीने मी प्राणेशरावांच्या काचसामानाच्या दुकानात बिलं लिहायला लागले. अव्हेन्यू रोडवर मोठं दुकान आहे. कपबश्या, बरण्या, कंदील, स्टोव्ह, सगळं मिळतं. पण पहिल्याच आठवड्यात एका बाईच्या अनवाणी पायात काच गेली आणि मी लेखणी ठेवून केरसुणी मागितली. फुटलेल्या काचेचा मोठा तुकडा कुणीही उचलतो हो, चुरा राहतो. तो ओल्या कणकेच्या गोळ्याने टिपावा लागतो. झाडायच्या आधी लाकडाचा भुसा ओला करून पसरला तर धूळ कपांवर बसत नाही. प्राणेशराव बघत होते. म्हणाले, "बाई, बिलं कोणीही लिहील. हे तुम्ही आपलं घर समजून बघा."

तेव्हापासून दुकानाची झाडलोट, मांडामांड, कुठे काय निसटेल, कुठे कोण घसरेल, सगळं माझ्याकडे. हाताखाली दोघी बायका आहेत. तेव्हा दादाला सांगा की मी देखरेख करते. केरसुणी हातात घेते तेही सांगा, लपवण्यासारखं काही नाही त्यात.

गणपतीला येणं होणार नाही. आईला समजावा. तिचे पाय कसे आहेत?

अलका


सातारा, २१ ऑगस्ट १९५९

वन्सं,

पत्र पोचलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. कणकेच्या गोळ्याचं ऐकून हसल्या. म्हणाल्या, हे तिला मी शिकवलं, मोरंब्याची बरणी फुटली होती तेव्हा.

ह्यांना काही हसू आलं नाही. म्हणतात, "मॅट्रिक झालेली माझी बहीण परमुलखात कुणाचं दुकान झाडते, हे मी चारचौघांत कसं सांगू?" मी म्हटलं, देखरेख करतात. तर म्हणाले, "विद्याधरराव असते तर तिला अशी वेळ आली असती का?" ह्यांनी आतली खोली चुन्याने रंगवून घेतली आहे. तुमच्यासाठी. तुम्ही येणार नाही असं कुणी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगायची माझी छाती नाही.

आमच्याकडे मूलबाळ नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी हे कचेरीत, सासूबाई पडलेल्या. तेव्हा घरात भिंतीवरच्या घड्याळाचाच काय तो आवाज. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल, हे मी आपलं माझ्यापुरतं लिहिते.

सासूबाई बऱ्या आहेत. पायांची सूज उतरली. काळजी नको.

प्रमोदिनी


बंगळूर, ४ ऑक्टोबर १९५९

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. इकडे दसऱ्याला घरोघर बाहुल्या मांडतात. त्यामुळे महिनाभर दुकानात पाय ठेवायला जागा नाही. चिनी मातीच्या बाहुल्यांच्या पेट्यांवर पेट्या येतात, आणि पेटी फोडली की हातभर पेंढा निघतो. तो पेंढा काढणं, बांधणं, रोजच्या रोज बाहेर घालवणं हेच सध्या माझं मुख्य काम. पेट्या फोडायला रघुजी आहेत. इथलेच मराठे, पिढ्यान्‌पिढ्या इथले. मराठी बोलतात, पण कानाला निराळीच लागते. मला अक्का म्हणतात आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत.

प्राणेशरावांशी माझं एका गोष्टीवरून रोज वाजतं. दुकानाला मागे गल्लीत उघडणारं एक दार आहे. त्याच्यापुढे रिकाम्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. वर कुलूप.

मी म्हटलं, "रावसाहेब, एवढा पेंढा, एवढे स्टोव्ह, आणि बाहेर पडायला एकच दार. पेट्या हलवू या."

"हलवून ठेवू कुठे, डोक्यावर?"

"निदान कुलूप काढा."

"गेल्या वर्षी त्याच दारातून माझे कंदील चोरीला गेले. तुम्ही घरासारखं बघा म्हटलं, बाई, मालकासारखं नव्हे."

हे सगळ्यांच्या देखत. मी खाली बघून बाहुल्या पुसत राहिले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. ती आता माझ्या कमरेला असते. रघुजी आणि मी संध्याकाळी पेट्या सरकवून माणूस तिरका जाईल एवढी वाट करतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवा माल येऊन ती पुन्हा बुजते. वाळूच्या बादल्याही मागवून घेतल्या. गिऱ्हाइकं त्यात पान थुंकतात. मी वाळू बदलते, ती पुन्हा थुंकतात.

माझी काळजी करू नका. रविवारी दुकान बंद असतं, तो दिवसही मजेत जातो. देवळात जाऊन येते. कधी कधी दोनदा जाते, हवा छान असते म्हणून. वसुमतीअक्का माझ्याशी पुष्कळ बोलतात. त्यांची मराठी अर्धी कानडी आहे, मी 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणते.

आईला सांगा, मी अगदी बरी आहे.

अलका


सातारा, १९ ऑक्टोबर १९५९

वन्सं,

तुमचं पत्र सासूबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांचा चष्मा बदलायचा आहे, म्हणून हल्ली मीच वाचते. मालक बोलले ते वाचताना मी जरा गाळलं, पण त्यांनी ओळखलं. "मधलं काय सोडलंस गं?" म्हणाल्या. मग वाचावं लागलं. मग म्हणाल्या, "किल्ली दिली ना शेवटी? मग झालं."

दिवाळीला याल का, असं विचारायला ह्यांनी सांगितलंय. मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, दिवाळीत दुकानं भरलेली असतात, तिला कशाला त्रास. तेव्हा तुमच्या सोयीने ठरवा.

इकडे थंडी लवकर पडली. सासूबाईंना जरा खोकला आहे, डॉक्टर येऊन जातात. विशेष काही नाही.

प्रमोदिनी


बंगळूर, ३ नोव्हेंबर १९५९

सौ. प्रमोदिनीवहिनींना नमस्कार,

मी नीरजा, वसुमतीअक्कांची नात. अलकामावशी सांगते आणि मी लिहिते. माझं मराठी शाळेतलं नाही, घरचं आहे, चुका असतील त्या माफ करावं.

मावशींच्या बोटाला स्वल्प काच लागली आहे म्हणून त्या लिहीत नाहीत. बाकी सर्व ठीक. दुकान रंगकामासाठी बंद आहे, म्हणून पत्र आता आमच्या घरी घालावं, पत्ता खाली देते. दिवाळी चांगली झाली. फराळ केला. दादांना आणि आईंना नमस्कार सांगितला आहे.

नीरजा (अलकामावशींसाठी)


सातारा, ९ नोव्हेंबर १९५९

वन्सं,

सासूबाई गेल्या. गुरुवारी सकाळी.

सोमवारी ह्यांनी तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर तार केली, आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ म्हणून. मंगळवारी वाट पाहिली. बुधवारी हे दोन वेळा स्टेशनवर जाऊन आले. गुरुवारी तुमच्यावाचून सगळं करावं लागलं. सासूबाई शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या. एवढं मला लिहायलाच हवं.

आणि सगळं आटोपल्यावर शनिवारी कुणा परक्या मुलीच्या हातचं तुमचं पत्र आलं. दिवाळी चांगली झाली, फराळ केला. ह्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुकानाला रंग लागत होता तर तुम्हाला रजा होती, वन्सं. बोटाला काच लागली म्हणून चार ओळी लिहिता येऊ नयेत? तुम्हाला आता आमची गरज उरली नाही, असं समजायचं का?

प्रमोदिनी


बंगळूर, १५ नोव्हेंबर १९५९

वहिनी,

हेही नीरजाच लिहिते आहे. पण मागचं पत्र खोटं होतं, हे खरं आहे. तिला मी सांगितलंय, जसं बोलेन तसंच लिही, गाळू नकोस.

तुमचं पत्र वसुमतीअक्कांनी उघडून माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून पाणी घातलं, आणि तेवढा वेळ मी दोन्ही हात वर धरून बसले, कारण ते भिजवायचे नाहीत. आईसाठी मला दुसरं काही करता आलं नाही.

माझे दोन्ही हात भाजले आहेत. दुकान जळलं. रंगकाम वगैरे काही नव्हतं. तुमची तार कुठे गेली असेल ते आता कळतंय. त्या पत्त्यावर काळ्या भिंती उभ्या आहेत, आणि त्या दिवसांत मी सरकारी दवाखान्यात होते.

झालं ते असं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुपारी दुकान गच्च भरलं होतं. स्टोव्ह पेटवून दाखवायचा तर बाहेर पायरीवर, असा माझा नियम. त्या दिवशी पाऊस होता. हयवदन नावाचा विक्रेता आहे, चांगला आहे बिचारा, गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून त्याने आतच पेटवला. मी पलीकडे बरण्या लावत होते. भडका उडाला, त्याचा हात भाजला, त्याने स्टोव्ह टाकला. पेटतं रॉकेल फरशीवरून वाहत गेलं. सकाळीच फोडलेल्या पेट्यांचा पेंढा अजून तिथेच होता. तो मी उचलायला हवा होता, पण गर्दी म्हणून संध्याकाळवर टाकला होता. एक बादली वाळू मी ओतली. दुसरी जागेवर नव्हती. बघता बघता पुढच्या दाराच्या आणि माणसांच्या मध्ये आग उभी राहिली.

बायका किंचाळत पुढेच धावत होत्या, कारण मागे दार आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. मी ओरडले, "मागे या! हिंदे बन्नी!" रघुजी आधीच पेट्या ओढत होते. मी किल्ली लावली. दार उघडलं, आणि त्याच क्षणी गल्लीतला वारा आत शिरला. आग छतापर्यंत उठली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

प्राणेशराव पुढून वळसा घालून गल्लीत आले आणि ओरडायला लागले, "बाई, दार लावा! माल जाईल सगळा! दार लावा!"

"माणसं आहेत आत!"

"लावा म्हणतो ना!"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. एकेक जण तिरका होऊन बाहेर येत होता. एका बाईच्या नायलॉनच्या पदराला पेट लागला होता. ती तशीच धावत होती. मी तिला धरली आणि हातांनी तो विझवला. नायलॉन जळत नाही वहिनी, ते वितळतं आणि चिकटतं. सर्वांत शेवटी रघुजी आले, खोकत, डोळे मिटलेले. "अक्का, आत कोन न्हाई आता," म्हणाले. तेव्हा मी बाजूला झाले.

सगळे वाचले. दुकान मात्र उरलं नाही. कपाटं कोसळायला लागली तेव्हा काच फुटल्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. प्राणेशराव समोरच्या ओट्यावर बसले होते. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाले, "तुम्ही दार उघडलंत, वारा आत गेला. वडिलांच्या वेळचं सगळं गेलं." ते खरंच आहे.

दवाखान्यात वसुमतीअक्का भात-सारू घेऊन यायच्या आणि भरवायच्या. रघुजी एकदा आले, बाहेरच्या बाकावर बसून गेले. बाकी वेळ मी छताकडे बघत पडून असे. शेजारच्या खाटांवर सगळं कानडी आणि तमिळ बोलणं. कुणाशी बोलावं?

तुम्ही विचाराल, कळवलं का नाही. कळवलं असतं तर दादा आला असता. मला घेऊन गेला असता. आणि त्याचं काही चुकलं असं मलाही म्हणता आलं नसतं. दोन्ही हात बांधलेली बाई काय वाद घालणार? म्हणून म्हटलं, हात बरे होऊ देत, मग हसत हसत लिहीन. आई तेवढे दिवस थांबेल असं मी धरूनच चालले होते.

आईने दाराकडे बघितलं, हे लिहिलंत ते बरं केलंत. ते मला माहीत असायलाच हवं.

अलका


सातारा, २१ नोव्हेंबर १९५९

वन्सं,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. हे आले तेव्हा चूल विझलेली होती. पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून ते परसात गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. आज ते निघाले आहेत. हे पत्र पोचायच्या आधी बहुधा तुमच्यापुढे उभे असतील.

ते नसतानाच मला तुम्हाला एक सांगायचं आहे. रागात लिहिलेलं पत्र मला परत घेता येत नाही. पण त्यात मी अर्धंच लिहिलं होतं.

सासूबाई भाद्रपदापासूनच अंथरुणाला होत्या. चष्म्याचं मी बनवून लिहिलं. त्यांना उठून बसताच येत नव्हतं. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. पत्र लिहायला बसले की मी म्हणायची, आता वन्संना कळवते, आणि दर वेळी त्या माझा हात धरायच्या. एकदा मी चिडले. म्हटलं, तुमची मुलगी आहे ती, तिला हक्क आहे. तेव्हा त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते.

म्हणाल्या, "प्रमोदिनी, ती आली की दामू तिला परत जाऊ देणार नाही. दामूला ती नाही म्हणेल, तेवढी खमकी आहे. पण मला अशी बघून तिचा पाय निघणार नाही. मग माझ्यामागे ती याच खोलीत म्हातारी होईल. तिला तिकडे चार माणसं विचारतात, तिच्या कमरेला किल्ली आहे. राहू दे तिला."

तार ह्यांनी शेवटी त्यांच्या नकळत केली. पण त्यांना समजलं असावं. दोन दिवस त्या मला 'तिला बोलावू नकोस' म्हणत होत्या, आणि दाराकडेच बघत होत्या. दोन्ही खरं आहे, वन्सं. मी एकच लिहिलं.

तुम्ही ज्यासाठी लपवलंत त्याचसाठी त्यांनीही लपवलं. मधे मी होते, एकीची पत्रं वाचणारी आणि दुसरीचं ऐकणारी, आणि मला काहीच उमगलं नाही.

प्रमोदिनी


बंगळूर, २८ नोव्हेंबर १९५९

वहिनी,

दादा मंगळवारी आला. वसुमतीअक्कांनी दार उघडलं आणि त्या कानडीतच काहीतरी बोलत बाजूला झाल्या. तो माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. माझ्या हातांकडे बघितलं, मग खिडकीकडे. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, अक्का भरवायला अजून यायच्या आहेत. तर पिशवी ठेवून हात धुऊन आला आणि ताट घेऊन माझ्यापुढे बसला. त्याने मला कधी भरवलं नव्हतं, लहानपणीही नाही. घास फार मोठे करत होता. मी ते तसेच खाल्ले.

तुमचं पत्र त्यानंतर आलं. मी ते त्याला वाचायला दिलं. तुम्ही रागावू नका, आता मला कुणापासून काही ठेवायचं नाही. आईचं बोलणं त्याने वाचलं. "एवढा का मी वाईट आहे?" असं म्हणाला. मला वाटलं होतं तो चिडेल. तो खरंच विचारत होता.

काल म्हणाला, दुकान दाखव. गेलो. प्राणेशराव तिथेच होते, राख उपसायला माणसं लावली होती. दादाने ओळख सांगितली. ते म्हणाले, "तुमच्या भगिनींनी दार उघडलं, साहेब. उघडलं नसतं तर निम्मा माल राहिला असता."

दादा म्हणाला, "आणि माणसं?"

प्राणेशरावांनी राखेतून एक बशी उपसली आणि धोतराला पुसली. मग म्हणाले, "ते मी स्वतःला विचारत नाही. विचारलं की झोप येत नाही."

माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. नमस्कार म्हणायचा की काय, मला कळलं नाही.

आईच्या मासिक श्राद्धाला मी दादाबरोबर येते आहे. पुढचं पुढे बघू.

अलका


सातारा, १२ फेब्रुवारी १९६०

वन्सं,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. तुमचं अक्षर वाकडंतिकडं आलंय, पण तुमचंच आहे. हे ते कार्ड सारखं हातात घेऊन बघतात.

तुम्ही इथे होतात त्या दोन महिन्यांत मी तुमच्या हातांना रोज तेल लावायची, तेवढा वेळ आपण दोघी बोलायचो. आता त्या वेळेला मी उगीच तेलाची वाटी खाली काढते आणि परत ठेवते. लिहू नये, पण लिहिलं.

सातारा रोड स्टेशनवरून तुम्हाला गाडीत बसवून हे घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि मला म्हणाले, "ती म्हणाली, दादा, मी जाते. मी म्हटलं, जा." मग विचारलं, "बरं केलं ना मी?" इतक्या वर्षांत ह्यांनी मला कधी काही असं विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. रात्री जेवले नाहीत.

एक मागते. यापुढे 'अगदी बरी आहे' असं लिहू नका. मीही लिहिणार नाही. कशा आहात ते खरं लिहा. मला इथे बसून काही करता येणार नाही, ते मला ठाऊक आहे. तरी लिहा.

प्रमोदिनी


बंगळूर, ६ मार्च १९६०

वहिनी,

तर मग लिहिते.

प्राणेशरावांनी जयनगरात नवं दुकान घेतलं आहे. लहान आहे. मागच्या महिन्यात त्यांनी रघुजींना पाठवलं, 'बाईंना विचार, येतात का.' मी गेले. आत सामान नव्हतं, नुसत्या भिंती. म्हणाले, "माल यायच्या आधी तुम्ही एकदा फिरून बघा. कुठे काय नको ते सांगा." मी सांगितलं, त्यांनी सुताराला तसं करायला लावलं. पुढे कसे वागतील ते मला माहीत नाही. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे.

उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. केरसुणी धरता येते, पण कप पुसताना निसटतो. परवा एक फुटला. हयवदन पटकन वाकला आणि मला दिसायच्या आत तुकडे गोळा करायला लागला. मला फार लागलं ते. तो स्वतः अजून स्टोव्हच्या कपाटाजवळ जात नाही.

जयनगरात अजून वस्ती विरळ आहे. दुपारी तासन्‌तास कुणी येत नाही. मी फडताळं पुसते, पुसलेली पुन्हा पुसते. संध्याकाळी बस राजाजीनगरला पोचेपर्यंत अंधार पडतो. अक्का विचारतात, "झालं का काम?" मी 'सरी' म्हणते आणि खोलीत येते. कारखान्याच्या घरात हे कामावरून आले की मोठ्याने हाक मारायचे, शेजारीपाजारी हसायचे. तो आवाज हल्ली मला नीट आठवत नाही. आठवायला बसले की अजिबात येत नाही. आईचा येतो. पण तिने शेवटी मला काय म्हटलं असतं, ते जुळवायला गेलं की तोही थांबतो.

रविवारी दोनदा देवळात जाते असं मी लिहिलं होतं. दोनदा का जाते, तर तिथे गर्दी असते. प्रदक्षिणेत कुणाचा तरी खांदा लागतो.

मला इथे एकटं वाटतं, वहिनी. फार वाटतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. परत यायचं मात्र मनात नाही. यावर तुम्ही मला काही सुचवू नका. तुम्ही हे वाचलंत, एवढं कळवा.

उद्या सोमवार. काकिनाड्याहून बरण्या यायच्या आहेत, लवकर जाऊन जागा करायची आहे.

अलका